लिटरचा मग, नऊ मजले आणि साडेदहाची घंटा

"जास्त झाली, दुसरं काय!" दुसऱ्या दिवशी ज्याला विचारावं त्याचं निदान हेच. ताई सहाव्या मजल्याच्या जिन्यात भिंतीला टेकून बसल्या होत्या, दोनदा ओकल्या होत्या, कुडकुडत होत्या, आणि आम्ही सात जण हातात जॅकेटं घेऊन भोवती उभे होतो. या सगळ्याचं कारण दोन शब्दांत आटोपलं होतं. मला ते पचलं नाही. कोणी किती घेतली याचा हिशेब माझ्याकडे होता, ग्लासाखालच्या पुठ्ठ्याच्या चकतीवर पेनानं मारलेल्या रेघांचा. त्या रेघांप्रमाणे पिणाऱ्या सहा जणांत ताईंची सगळ्यात कमी होती.

आमचं काम गोदामाचं. माल कुठं तुंबतो, रांग का वाढते, उशीर नेमका कुठून सुरू होतो, हे शोधण्याचा आम्हाला पगार मिळतो. एखादी खेप फसली की आम्ही तिचं प्रकरण लिहून काढतो. त्यात कोणाची चूक हे शेवटी येतं, आधी वेळा येतात. आमच्या सहकारी ताईंच्या निरोपाची रात्र मी तशीच लिहून काढली. ताईंची परवानगी घेतली आहे. "माझं नाव नको, बाकी सगळं लिही," असं त्या म्हणाल्या.

जागा

जर्मन धर्तीचं बिअर गार्डन, नवव्या मजल्यावरच्या उघड्या गच्चीवर. लांबलचक लाकडी टेबलं, पाठ नसलेले बाक, निळ्या-पांढऱ्या चौकटींचे बव्हेरियन झेंडे, वर दिव्यांच्या माळा. बाकावर अनोळखी माणसाच्या खांद्याला खांदा लावून बसावं लागतं, आणि ते मुद्दाम तसं आहे. म्युनिकच्या बागांमध्येही "इथं जागा आहे का?" एवढं विचारून परक्याच्या टेबलाशी बसायचा रिवाज आहे.

या बागा मुळात कशा झाल्या ते थोडं सांगायला हवं, कारण आमच्या रात्रीचा घोळ तिथूनच सुरू होतो. बव्हेरियात सोळाव्या शतकापासून उन्हाळ्यात बिअर बनवायला बंदी होती. २९ सप्टेंबर ते २३ एप्रिल एवढाच हंगाम. उन्हाळ्यात भट्ट्यांमुळे आगी लागायची भीती, आणि थंडीत सावकाश आंबणारी तिथली बिअर उष्म्यात नासायची. मग मार्च महिन्यात जरा जास्त कडक बिअर करून ती खोल तळघरांत साठवत. तळघर गार राहावं म्हणून वर खडी पसरायची आणि चेस्टनटची झाडं लावायची. त्यांची सावली दाट असते आणि मुळं फार खोल जात नाहीत, त्यामुळे खालच्या कमानींना धोका नसतो. सावली आहे, खाली गार बिअर आहे, म्हटल्यावर तिथं टेबलं मांडली जाणारच. शहरातल्या खानावळवाल्यांचा धंदा बुडायला लागला आणि त्यांनी राजाकडे गाऱ्हाणं नेलं. ४ जानेवारी १८१२ रोजी राजा पहिला माक्सिमिलियान योसेफ यानं तोडगा काढला: तळघरवाल्यांनी आपली बिअर तिथं खुशाल विकावी, पण सोबत पावापलीकडे काही खायला देऊ नये. मग लोक घरून डबे आणू लागले. जुन्या वळणाच्या बागांत आजही स्वतःचं खाणं नेता येतं.

आमच्या गच्चीच्या दारावर ठळक पाटी होती: बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत. असो.

म्हणजे मूळ बिअर गार्डन हे तळघराचं छप्पर. आमची गच्चीही तळघराच्याच डोक्यावर होती. फक्त मध्ये नऊ मजले होते.

आणखी एक गोष्ट त्यांनी म्युनिकहून आणली होती, ती म्हणजे वेळापत्रक. १९९५ मध्ये तिथल्या एका लोकप्रिय बागेच्या शेजाऱ्यांनी आवाजाची तक्रार केली आणि बाग रात्री साडेनऊलाच बंद करायचा आदेश आला. त्याविरुद्ध १२ मे १९९५ रोजी म्युनिकमध्ये वीस हजारांहून जास्त लोक रस्त्यावर उतरले. त्याला गमतीनं आणि अभिमानानं 'बिअर गार्डन क्रांती' म्हणतात. शेवटी १९९९ मध्ये बव्हेरिया सरकारनं नियम ठरवून दिले: दहाला संगीत बंद, साडेदहाला बिअर देणं बंद, अकराला बाग रिकामी. तिथं या वेळांमागे शेजाऱ्यांची झोप होती. आमच्या गच्चीच्या मेन्यूवर त्याच वेळा जर्मन ढंगाच्या अक्षरांत शोभेसाठी छापल्या होत्या, आणि साडेदहाला वाजवायला एक पितळी घंटा टांगली होती. नऊ मजल्यांवर कोणाची झोपमोड होणार होती कोण जाणे.

रात्र

आम्ही आठ जण. निरोपाच्या मानकरी ताई. सगळ्यात धिप्पाड, ज्याला सगळे दादा म्हणतात तो. गाडी आणणारा एक, त्याला त्या रात्रीपुरतं 'सारथी' नाव पडलं. तो बिनअल्कोहोल गव्हाची बिअर पीत होता. (जर्मनीत 'बिनअल्कोहोल' म्हणून विकल्या जाणाऱ्या बिअरमध्ये अर्ध्या टक्क्यापर्यंत अल्कोहोल चालतं, हे त्याला मी दुसऱ्या दिवशी सांगितलं. त्या दिवशी सांगितलं असतं तर त्यानं पाणीच प्यायलं असतं.) चार जण तरुण. आणि मी, आयोजक. मी राडलर घेत होतो, म्हणजे निम्मी बिअर आणि निम्मं लिंबाचं सरबत. अडीच टक्क्यांच्या आसपास काम भागतं.

शनिवार. सव्वासातला पोचलो. एकेकानं एकेक राउंड द्यायचा ही सूचना माझी. पहिला राउंड मी दिला. काउंटरवरून टोकन घेऊन मग आणायचे, प्रत्येक मगाला अनामत. सहा जणांना 'हेलेस', म्हणजे फिकट सोनेरी, पाचएक टक्क्यांची बिअर, लिटरच्या मगात. त्या मगाला 'मास' म्हणतात. जाड काचेचा असल्यामुळे रिकामाच किलोभराहून जड, त्यामुळे मनगटानं उचलायला गेलं की हात कापतो. मगाच्या कानात चारी बोटं घालून तळवा काचेला लावूनच उचलावा लागतो. पहिल्या घोटाला सगळ्यांनी तळाकडून मग ठोकले, एकमेकांच्या डोळ्यांत बघून 'प्रोस्ट' म्हटलं, फोटो काढले. ७.४० झाले होते.

चखणा म्हणून मिठाचे खडे लावलेला हाताएवढा ब्रेत्सेल (वेटोळा पाव), ओबात्स्दा (कामांबेअर चीज, लोणी आणि पाप्रिका कालवून केलेला लगदा, दिसायला सामान्य आणि चवीला असामान्य), आणि पांढरा मुळा. मुळा असा सलग कापलेला की उचलला तर स्प्रिंगसारखा लांबतो, वर मीठ. सगळं खारट. वाइसवुर्स्टही मागवला. बव्हेरियन माणूस दुपारचे बारा वाजायच्या आत खातो तो सॉसेज रात्री साडेआठला आला, पण त्यावर बोलायला तिथं कोणी बव्हेरियन नव्हतं. पोटभरीचं जेवण मात्र मागवायचंच राहिलं. "नंतर बघू" असं म्हटल्याचं मला आठवतं. म्हणणारा मीच.

सव्वाआठला दादाचा मग संपला. दुसरा राउंड सारथ्याचा. तो उठला ८.२५ ला आणि सहा मग घेऊन परत आला ९.३५ ला.

सत्तर मिनिटं. या प्रकरणाचा गाभा ही सत्तर मिनिटं आहेत. सहा जणांसमोर रिकामे मग, जिभेवर मीठ, आणि आपल्याला काहीच चढलेलं नाही असा ठाम समज. तो समज बऱ्याच अंशी खराही होता. एक लिटर होऊन तास उलटला की तरतरी ओसरायला लागते. "जर्मन बिअर म्हणजे सरबतच," दादा म्हणाला. ताईंनी सारथ्याला "मला नको रे," असं उठतानाच सांगितलं होतं, पण राउंड म्हणजे राउंड. त्यांच्यासमोर मग आलाच. त्यांनी दोन घोट घेतले आणि तो तरुणांकडे सरकवला.

९.३५ ते १०.३० मध्ये पाच जणांनी लिटर लिटर बिअर संपवली. आधीच्या लिटरला कोणी घाई केली नव्हती. आता दहाला संगीत थांबलं, मेन्यूवरची वेळ कोणीतरी मोठ्यानं वाचली, आणि सगळ्यांचं लक्ष त्या घंटेकडे लागलं. १०.२० ला तरुणांपैकी एक जण काउंटरकडे पळाला, दहा मिनिटांत परत आला, आणि सोबत सहा अर्ध्या लिटरच्या बाटल्या. "नळाची रांग जिन्यापर्यंत आहे, पण बाटल्यांना रांगच नाही!" गडद तांबूस रंग, लेबलावर बोकड. डॉपेलबॉक. साडेसात टक्के.

घंटा वाजली. ताई म्हणाल्या, "माझ्या निरोपाची शेवटची, चला." वीस मिनिटांत सहाही बाटल्या रिकाम्या.

नळाचं काय झालं होतं

दुसरा राउंड इतका का अडला हे मला त्याच रात्री बारवाल्याकडून कळलं. मी रांगेत सारथ्याच्या सोबतीला जाऊन उभा होतो. सवयीनं आधी रांग मोजली, मग काउंटरमागे काय चाललंय ते बघितलं. चार नळ. प्रत्येकाखाली मग, आणि मगात निम्मा फेस. बारवाला फेस बसायची वाट बघायचा, वरचा थोडा ओतून द्यायचा, पुन्हा भरायचा, पुन्हा फेस. मिनिटाभराचं काम चार-पाच मिनिटांना.

"अहो, केग बदलला का?" मी विचारलं. केग म्हणजे बिअरचं पिंप.

"केग इथं कुठं आलाय, साहेब? केग तळघरात."

मग उलगडा झाला. गच्चीवर पन्नास लिटरचा एक भरलेला केग म्हणजे साठ-पासष्ट किलो. वीस ठेवले की सव्वा टन, त्यात शीतगृहाचं वजन वेगळं. गच्चीचा स्लॅब माणसांसाठी मोजलेला, एका कोपऱ्यात एवढा भार ठेवायचा तर नव्यानं तपासणी आली. म्हणून केग खाली आणि पाइप वर. आता बिअर म्हणजे बहुतेक पाणीच. पाणी दहा मीटर वर चढवायला साधारण एक बार दाब लागतो. नऊ मजले, तीसएक मीटर, म्हणजे तीन बार फक्त चढण्यासाठी. पण हेलेस आपल्यातला वायू शांतपणे सांभाळून बसते ती बारभराच्या आसपासच्या दाबाला. एवढ्या मोठ्या दाबानं नुसता कार्बन डायऑक्साइड ढकलला तर तो बिअरमध्ये वाजवीपेक्षा जास्त विरघळतो, आणि नळ उघडल्याबरोबर सगळा एकदम बाहेर पडतो. फेस. म्हणून उंच इमारतीत नायट्रोजन मिसळलेला वायू वापरतात, नाहीतर पंप बसवतात, आणि पाइप गार द्रवाच्या नळ्यांसोबत गुंडाळून, वरून आवरण चढवून नेतात.

इथला पाइप स्वयंपाकघराच्या भिंतीमागून चढत होता. बारवाल्यानं ते असं सांगितलं की जणू तो पावसापाण्याचा विषय होता. दहा मिलिमीटर आतल्या व्यासाचा चाळीस मीटर पाइप धरला तर त्यात तीन लिटर बिअर मावते. नळ जरा थांबला की ती तीन लिटर पाइपात तापत बसते, पुढचे तीन मग फेसाचे, ते बसेपर्यंत नळ पुन्हा थांबलेला, मागची बिअर पुन्हा तापलेली. आमच्या धंद्यात याला स्वतःलाच खाणारी रांग म्हणतात.

जाता जाता: जर्मन मगावर भरण्याची रेघ असते, बिअर तिथपर्यंत यायला हवी आणि फेस तिच्या वर. रेघेखाली आली तर मग परत द्यायचा ग्राहकाला हक्क आहे, आणि म्युनिकमध्ये कमी ओतण्याविरुद्ध चक्क एक संघटना आहे. आमच्या सारथ्यानं सहापैकी चार मग परत दिले. बरोबरच केलं. पण त्यातली पंधरा मिनिटं त्यानंच वाढवली.

आता बाटल्या. त्या नळावर अवलंबून नव्हत्या. गच्चीवरच्या फ्रिजमध्ये होत्या, झाकण काढलं की झालं. म्हणजे पाच टक्क्यांची बिअर हवी तर तासभर रांग, आणि साडेसात टक्क्यांची हवी तर लगेच. सगळ्यात जड बिअर सगळ्यात सहज मिळत होती. हे कोणी ठरवलेलं नव्हतं. चाळीस मीटर पाइपानं ठरवलं होतं.

आणि पुरवठ्याचा भरवसा नसला की माणूस गरजेपेक्षा जास्त आणि घाईघाईनं मागवतो. साखळीत मागे मागे जाताना मागणी अशी फुगत जाते, गोदामात त्याला बुलव्हिप म्हणतात. दुकानदार तेच करतो, दुकानदाराचा घाऊक व्यापारी तेच करतो, आणि ते रोखायचं काम करणारे आठ जण त्या रात्री साडेदहाला तेच करत होते.

रेघांचा हिशेब

एकूण प्यालेली बिअर काढली तर रात्र फार भयंकर नव्हती. दादाची दोन लिटर हेलेस आणि अर्धा लिटर डॉपेलबॉक. ताईंची एक लिटर हेलेस, दोन घोट आणि अर्धा लिटर डॉपेलबॉक.

पाच टक्क्यांच्या लिटरमध्ये ५० मिलिलिटर अल्कोहोल, वजनानं साधारण ४० ग्रॅम. साडेसात टक्क्यांच्या अर्ध्या लिटरमध्ये साडेसदतीस मिलिलिटर, म्हणजे ३० ग्रॅम. एवढ्याशा बाटलीत जवळजवळ पाऊण मास. दादाचे ११० ग्रॅम, ताईंचे ७०.

स्वीडिश शास्त्रज्ञ एरिक विडमार्क याचं जुनं सूत्र आहे: प्यालेलं अल्कोहोल भागिले (शरीराचं वजन गुणिले एक गुणक). पुरुषांसाठी तो गुणक साधारण ०.६८, स्त्रियांसाठी ०.५५. फरक शरीरातल्या पाण्याच्या प्रमाणाचा. अल्कोहोल पाण्यात पसरतं, पाणी कमी तर तेच अल्कोहोल जास्त दाट. ताईंनी स्वतःच कागद पुढे ओढून आकडे घातले. त्या ६० किलो, दादा ९०. ताईंचे ७० भागिले ३३, म्हणजे रक्तात हजारी २.१ (किलोमागे २.१ ग्रॅम). दादाचे ११० भागिले ६१, म्हणजे १.८. दर तासाला साधारण ०.१५ उतरतं, सव्वातीन तासांचं अर्ध्याच्या आसपास वजा केलं तर ताई १.६ आणि दादा १.३. पोटात खाणं असेल तर प्रत्यक्ष आकडे याहून खाली येतात, माणसागणिक बदलतात, कागद तो कागदच. पण क्रम कळतो. चाळीस ग्रॅम कमी पिऊन ताई पुढे होत्या. जर्मनीत गाडी चालवायची नेहमीची मर्यादा हजारी ०.५ आहे, नवख्या चालकांना आणि २१ वर्षांखालच्यांना शून्य. दोघंही तिच्या कितीतरी वर.

"राउंड बरोबरीचा असतो, असं आपण म्हणतो ना," ताई कागदाकडे बघत म्हणाल्या. पुढे काही बोलल्या नाहीत.

याहून महत्त्वाची गोष्ट सूत्रात नाही. ती आहे वेळ. ८.२५ ते ९.३५ कोरडी आणि नंतर ७५ मिनिटांत लिटर-दीड लिटर. आमचं पिणं फारसं वाढलं नव्हतं, ते शेवटच्या टोकाला दाबलं गेलं होतं. प्यालेलं रक्तात पूर्ण उतरायला अर्धा ते एक तास लागतो. १०.५० ला ताई हसत, नीट बोलत, पर्स शोधत होत्या. डॉपेलबॉकचे तीस ग्रॅम तेव्हा अजून पोटातच होते. ते जिन्यात पोचले.

जिना

अकराला गच्ची रिकामी करायची म्हणजे शे-दीडशे माणसं एकाच वेळी दोन लिफ्टांपुढे. "जिन्यानं जाऊ, पाय मोकळे होतील," असं ताईच म्हणाल्या. गच्चीवर वारा सुटला होता. छत्र्या गच्चीवाल्यांनी मघाशीच मिटल्या होत्या. बिअरनं कातडीखालच्या रक्तवाहिन्या सैल होतात, त्यामुळे अंगाला ऊब वाटते आणि खरं तर उष्णता बाहेर जात असते. ताईंनी शाल गाडीत ठेवली होती. "गरम होतंय," म्हणत होत्या.

सहाव्या मजल्याच्या चौकात त्यांनी कठडा धरला आणि तशाच खाली बसल्या.

या भागात आमचं काही बरोबर झालं, ते सारथ्यामुळे. टेबलावर तोच एक पूर्ण शुद्धीत होता. दादा म्हणत होता कडक कॉफी आणतो. सारथी म्हणाला, "कॉफीनं काही उतरत नाही, जागं राहायला होतं फक्त." एक तरुण म्हणाला गाडीत झोपवू या. त्यालाही तो नाही म्हणाला. प्यालेलं माणूस झोपलं तरी पोटातली दारू रक्तात चढतच राहते, झोपेत ओकारी श्वासात जाऊ शकते. त्यानं ताईंना कुशीवर वळवलं, जॅकेटं खालीवर घातली, दर दोन मिनिटांनी बोलतं केलं. श्वास मंदावला किंवा अडखळला, हाक मारून जाग आली नाही, ओठ निळसर दिसले, ओकाऱ्या थांबेनात, यांतलं एक जरी झालं तर लगेच रुग्णवाहिका, हे त्यानं आम्हाला बजावून ठेवलं आणि फोन हातात धरून बसला. तशी वेळ आली नाही. पाऊण तासानं ताई म्हणाल्या, "अरे, इतके जण काय बघताय माझ्याकडे?" आम्ही त्यांना लिफ्टनं खाली नेलं, घरी पोचवलं, आणि एक जण रात्रभर त्यांच्याकडेच थांबली.

बिल

थोडक्यात. काँट्री आठ जणांत सारखी काढली. त्यामुळे सारथ्यानं सहा लिटर बिअरचा राउंड दिला, रांगेत तास घालवला, एक थेंब घेतला नाही, सगळ्यांना सोडलं, आणि वर दादाएवढेच पैसे भरले. तो काही बोलला नाही, हे जास्त लागतं. लहान ग्लासात राउंड हा जिव्हाळ्याचा खेळ असतो. लिटरच्या मगात तो सक्तीचा होतो: एकानं दिला की बाकी पाच जणांना पाच लिटरचं देणं लागतं. दोन मगांच्या अनामतीची टोकनंही जिन्यातल्या गडबडीत परत करायची राहिली.

दुसरी खेप

महिन्यानं ताईंचाच फोन आला. "माझा निरोप अर्धाच झालाय. तिथंच जाऊ."

या वेळी मंगळवार. साडेसहाला पोचलो. आधी जेवण: भाजलेला डुकराच्या मांडीचा तुकडा, बटाट्याचे गोळे, ज्यांना ते नको त्यांना चीज घातलेले श्पेत्स्ले, म्हणजे अंड्याच्या पिठाचे आखूड नूडल्स. राउंड बंद. ज्याची चकती त्याच्या रेघा. डॉपेलबॉक घ्यायची तर पहिली घ्या, शेवटची नको, असा माझा आग्रह. दादानं पहिली घेतली आणि नंतर राडलरवर आला, कोणी हसलं नाही. शाल ताईंच्या खांद्यावर. आमची घंटा आम्ही साडेनऊला ठरवली होती आणि लिफ्ट सव्वादहाला.

गर्दी नसल्यामुळे वेटर टेबलाशी येत होता, आणि गव्हाची, हेलेस, सगळी छोट्या ग्लासातही देत होता. नळ थोडा फेसाळत होताच. बारवाल्यानं मला ओळखलं आणि पाइपाचं काम "पुढच्या महिन्यात" असल्याचं सांगितलं. छोट्या ग्लासांचा तोटाही दिसला. ते लवकर संपतात, वेटरला सारखी हाक जाते, आणि आपण किती घेतली याचा अंदाज मगापेक्षाही लवकर चुकतो. रेघा नसत्या तर तरुणांपैकी दोघांनी मागच्या रात्रीएवढीच घेतली असती.

कोलोनमध्ये याचा एक नामी उपाय आहे, तो मी सगळ्यांना मोठ्या अभिमानानं सांगितला. तिथं क्योल्श नावाची बिअर ०.२ लिटरच्या उभट ग्लासात देतात. ग्लास संपला की वेटर न विचारता दुसरा आणून ठेवतो आणि चकतीवर रेघ मारतो. पुरे झालं की तीच चकती ग्लासावर झाकायची. बोलायची गरज नाही, आग्रहाला जागा नाही.

ताईंना ते फार आवडलं. बरोब्बर साडेनऊला त्यांनी ग्लास संपवला, चकती उचलली, आमच्याकडे एकदा बघितलं आणि ग्लासावर ठेवली.

वेटर आला. चकती उचलली. रिकामा ग्लास नेला, भरलेला आणला, आणि आत किडा पडू नये म्हणून चकती पुन्हा नीट वर झाकून ठेवली.